चारी गोल काळे

सिद्धलिंग कोनापुरेला अक्कलकोट रोड एमआयडीसीत झाडून सगळे मास्तर म्हणतात, आणि गडी आठवी नापास आहे. यात थट्टा काही नाही. चादरीच्या कारखान्यात पत्ते पाडणाऱ्याला पूर्वी मास्तरच म्हणायचे. पत्ते म्हणजे खेळायचे नव्हेत, बरं का. जाड पुठ्ठ्याच्या लांब पट्ट्या. त्यांना भोकं पाडायची. भोक असेल तिथला दोरा वर उचलला जाणार, नसेल तिथला खाली राहणार. अशा शेकडो पट्ट्या माळेसारख्या ओवून मागावर चढवल्या की चादरीवर मोर उमटायचा. एक भोक चुकलं की मोराची मान मोडली, आणि ती प्रत्येक चादरीवर मोडली. सिद्धलिंगनं बत्तीस वर्षं ग्राफच्या कागदावर चौकटी भरल्या आणि पुठ्ठ्याला भोकं पाडली. मग कारखान्यात कॉम्प्युटर आला आणि मास्तर टॉवेलच्या घडी खात्यात आला. काम गेलं, नाव तेवढं राहिलं.

बत्तीस वर्षं चौकटी भरलेल्या माणसाच्या डोक्यात काय काय चालत असेल, विचारू नका. सोलापुरी चादर उलटी केली की मोर तोच, फक्त रंगांची अदलाबदल. मग हा म्हणे, दोनच बाजू कशाला? एकाच बाजूची चादर विणता येईल का? हा प्रश्न त्यानं एकदा मालकांना विचारला होता. मालकांनी त्याला दोन दिवस घरी विश्रांती घ्यायला सांगितलं. पुढं कधीतरी रद्दीच्या दुकानात एक कव्हर फाटलेलं गणिताच्या गमतींचं पुस्तक हाताला लागलं. त्यात लिहिलं होतं की पट्टीला एक पीळ देऊन टोकं जोडली, तर तिला एकच बाजू उरते. चित्रसुद्धा होतं. सिद्धलिंग तिथंच रद्दीच्या गठ्ठ्यावर बसला. आपण वेडे नाही, जगात आपल्यासारखी आणखी माणसं आहेत, या आनंदानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी समाजमंदिराच्या ओट्यावर त्याचा वर्ग भरायचा. दहा-अकरा पोरं, तिसरी ते सहावीची. फी नाही, फळा नाही, पाढे तर नाहीतच. कारखान्यातून आणलेल्या टॉवेलच्या काठांच्या पट्ट्या, खडू आणि एक कात्री, एवढाच सरंजाम. पोरं पट्टीला पीळ देऊन टोकं शिवायची, खडूनं मधोमध रेघ ओढत जायची, आणि रेघ दोन्ही अंगांना फिरून स्वतःलाच येऊन भेटायची. मग तीच पट्टी मधोमध कापायची. दोन तुकडे होतील म्हणून पोरं पैजा लावायची आणि हातात एकच लांबलचक कडं यायचं. ओट्यावर असा गोंधळ उठायचा की शेजारचा गिरणीवाला पिठाची गिरणी थांबवून बघायला यायचा.

त्याची बायको दानम्मा मात्र नाक मुरडायची. ती कलबुर्गीकडची, रागावली की मराठी सोडून कानडीत शिरायची. याच वेळेत चार पोरांच्या शिकवण्या घेतल्या असत्या तर घराला रंग लागला असता, असं तिचं म्हणणं. ते खोटंही नव्हतं. भिंतींचे पोपडे सिद्धलिंगलाही दिसत होते. पण त्याला त्या पोपड्यांतसुद्धा आकार दिसायचे, त्याला कोण काय करणार.

पोरांचा सगळ्यात आवडता खेळ होता ‘वेगळा कोण’. सिद्धलिंग ओट्यावर चार आकृत्या काढायचा, समजा चौकोन, त्रिकोण, वर्तुळ आणि चांदणी. यातला वेगळा कोण? कुणी म्हणायचं वर्तुळ, त्याला कोपराच नाही. बरोबर. कुणी म्हणायचं चांदणी, ती एकटीच आतल्या बाजूला खचते. तेही बरोबर. चौकोनाला काटकोन आहेत, बाकी कुणालाच नाहीत. आणि त्रिकोण? त्याच्यापेक्षा कमी सरळ रेघांत काही कोंडताच येत नाही. या खेळाचा नियमच असा, की चारही जणांना वेगळं ठरवल्याशिवाय उठायचं नाही. एकाच उत्तरावर थांबणाऱ्याला सिद्धलिंग म्हणायचा, अरे आळशा, उरलेल्या तिघांनी काय पाप केलंय?

या वर्गात दोन वर्षांपूर्वी राजनंदिनी आली. मायाप्पा धनगराची मुलगी. मायाप्पा मंगळवेढ्याकडच्या एका वाडीचा, इथं पॉवरलूमवर कामाला. बायको मायाक्का टॉवेलचे काठ शिवायला जायची, आणि तीन माणसं एका खोलीत राहायची. पहिले चार रविवार पोरगी तोंड उघडायला तयार नव्हती. पाचव्या रविवारी सिद्धलिंगनं विचारलं, सगळे आकडे जास्त, की नुसते सम आकडे जास्त? सगळी पोरं एका सुरात ओरडली, सगळे जास्त. राजनंदिनी हळूच म्हणाली की सारखेच. तिची आजी म्हणे मेंढरं मोजत नाही, तिला मोजता येतच नाही. एक मेंढरू वाड्यात शिरलं की एक खडा झोळीत. तसा एकाला दोनाचा खडा द्यायचा, दोनाला चाराचा, तिनाला सहाचा. कुणाचाच खडा कमी पडत नाही, मग जास्त कोण? सिद्धलिंगनं ही गोष्ट पुस्तकात तीन वेळा वाचली होती आणि तिन्ही वेळा ती त्याच्या डोक्यावरून गेली होती. त्या दिवशी ती त्याला नऊ वर्षांच्या पोरीनं समजावली. घरी जाऊन त्यानं दानम्माला ते दोनदा सांगितलं, आणि तिनं दोन्ही वेळा भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं.

पण पोरीपुढं एक पाचर होती. गावाकडं म्हातारीचे गुडघे गेले होते आणि दावणीला चाळीस मेंढरं. पाचवी झाली की पोरीनं गावी जाऊन मेंढरांमागं राहायचं, असं घरात ठरलेलं होतं. मायाप्पा काही दुष्ट माणूस नव्हे. लेकीचा अभ्यास बघून त्याचीही छाती फुगायची. पण शहरात पोरीला पुढं शिकवायचं आणि वर गावाकडं पगारी गडी ठेवायचा, एवढा जीव त्याच्या पगारात नव्हता. त्याला तर मागच्या दिवाळीतच पोरगी पाठवायची होती. सिद्धलिंग आडवा पडला. सरकारी निवासी शाळेची प्रवेश परीक्षा जानेवारीत होती. पाचवीच्या पोरांना ती एकदाच देता येते. नंबर लागला तर राहणं, खाणं, पुस्तकं, सगळं फुकट आणि बारावीपर्यंत काळजी नाही. तेवढं झालं तर मेंढरांना गडी ठेवीन, असं मायाप्पानं कबूल केलं. सिद्धलिंगनं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "परीक्षेपर्यंत थांब. पोरीची जबाबदारी माझी."

त्यानं जीव तोडून शिकवलं, यात शंका नाही. कामावरून सुटला की रोज तासभर गाईड घेऊन बसायचा. अपूर्णांक, शेकडेवारी, नफा-तोटा, भाषेचे उतारे. फक्त एक प्रकरण त्यानं उघडलं नाही. गाईडाचं पहिलंच प्रकरण, आकृत्यांचं: वेगळी आकृती ओळखा. त्याला वाटलं, हे तर आपण दोन वर्षं करतोय, यात हिला काय शिकवायचं? उगाच वेळ कशाला घालवा? शहाणा माणूस!

परीक्षेच्या दिवशी मायाप्पाची पहिली पाळी होती, म्हणून सिद्धलिंगच तिला मोपेडवरून केंद्रावर घेऊन गेला. दोन तास फाटकाबाहेर लिंबाच्या झाडाखाली उभा राहिला. पोरगी बाहेर आली ती हसत. हातात प्रश्नपत्रिका होती, ती घरी न्यायला दिली होती. सिद्धलिंगनं तिला रसवंतीत बसवलं आणि आलं-लिंबू घालून दोन ग्लास सांगितले. कसा गेला पेपर, म्हणून विचारलं.

"लई भारी काका. पैल्या पानावर आपलाच खेळ हुता," ती म्हणाली. "आट गणितं. मी आटीच्या आटींत चारीबी वेगळे काडले."

सिद्धलिंगला आधी नीट कळलंच नाही. त्यानं विचारलं, उत्तराच्या कागदावर काय केलंस? चारी गोल काळे केले, ती म्हणाली, आणि कारणं लिहायला जागा नव्हती म्हणून प्रश्नपत्रिकेच्या कडेला बारीक अक्षरात लिहिली. एका आकृतीला कारण सापडता सापडत नव्हतं, तिथं लई वेळ गेला. म्हणून शेवटची दहा-बारा गणितं राहिली. पण पहिली सगळी पूर्ण झाली, असं सांगून ती ग्लासाच्या तळाचा फेस चाटायला लागली.

सिद्धलिंगनं ग्लास बाजूला सरकवला. प्रश्नपत्रिका त्यानं उघडली. कडा गच्च भरल्या होत्या. ‘ही एकटीच आरशात तशीच दिसते.’ ‘हिच्या आत रेघा ओलांडल्याशिवाय बोट फिरतंय.’ ‘ही पेन न उचलता काडता येत न्हाय.’ एकेक कारण चोख. मास्तर म्हणून आयुष्यात त्याला एवढा अभिमान कधी वाटला नव्हता, आणि माणूस म्हणून एवढी भीती कधी वाटली नव्हती. एका प्रश्नाला दोन गोल काळे केले तरी शून्य, हे त्याला ठाऊक होतं. सूचनांच्या पानावर ठळक छापलेलंही होतं. ते पान पोरीनं वाचलं होतं की नाही, हे विचारायचा त्याला धीर झाला नाही. कारण वाचलं असलं तरी तिनं विश्वास कुणावर ठेवला होता, ते समोर दिसतच होतं.

आता खरं म्हणजे तिथून उठून सरळ मायाप्पाच्या मागापाशी जायला हवं होतं. नाही गेला. आज सांगू, उद्या सांगू, असं करत आठवडा गेला. मग तो स्वतःशीच हिशेब मांडायला लागला. आठ गेले, दहा-बारा राहिले, तरी बाकीचे सगळे बरोबर असतील तर कदाचित... कुणी सांगावं? माणसाला खोटी आशा लावायला दुसरं कुणी लागत नाही. त्याचं अन्न तुटलं. घडी खात्यात टॉवेलचे गठ्ठे चुकायला लागले. दानम्मानं दोन-तीनदा विचारलं, मग सोडून दिलं.

फेब्रुवारीत मायाप्पा त्याला चहाच्या टपरीवर भेटला. खुशीत होता. लेकीसाठी पत्र्याची ट्रंक घेऊन ठेवली होती, तिच्यावर नावही रंगवून घेतलं होतं. मग सहज म्हणाला की टेंभुर्णीकडच्या एका संस्थेच्या निवासी शाळेचे फॉर्म निघालेत, तिथंही फुकटच आहे, समाजातल्या दोघांनी भरलेत. आपणही भरून ठेवायचा का?

सिद्धलिंगच्या हातात चहाचा ग्लास होता. भर म्हटलं तर हा विचारणार, का, मास्तर? हिचं काय वाकडं झालंय का? आणि मग सगळं सांगावं लागणार. दोन वर्षं ज्या खेळाचं कौतुक केलं, त्याच खेळानं पोरीचा घात केला, हे याच्या तोंडावर सांगावं लागणार. त्याला ते जमलं नाही.

"थांब जरा," तो म्हणाला. "निकाल लागू दे."

मायाप्पानं मान डोलवली. मास्तर म्हणतायत म्हणजे विचार करूनच म्हणत असणार. फॉर्मची तारीख आठ दिवसांनी उलटून गेली. त्या आठ दिवसांत सिद्धलिंग रोज त्याच्या खोलीवरून कामाला गेला आणि रोज न थांबता पुढं निघून गेला. हे लिहितानाही त्या माणसाचा राग येतो. पण आपण तरी काय मोठे दिवे लावले असते, देव जाणे.

मार्चअखेर निकाल लागला. यादी मोबाइलवर आली, मायाप्पानं तीनदा वरून खाली बघितली आणि मग मोबाइल घेऊन सिद्धलिंगच्या घरी आला. यादीत काहीतरी चुकलं असेल, असं त्याला वाटत होतं. सिद्धलिंगनं त्याला बसवलं. कपाटातून ती प्रश्नपत्रिका काढली आणि सगळं सांगितलं. खेळ, आठ प्रश्न, रसवंती, सगळं. मला जानेवारीपासून माहीत होतं, हेही सांगितलं. ते ऐकून दानम्मा स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभी राहिली.

मायाप्पानं प्रश्नपत्रिका हातात घेतली. त्याला वाचता जेमतेम येत होतं, पण लेकीचं अक्षर तो ओळखत होता.

"फॉर्मचं इचारलं तवाबी तुमाला म्हाईत हुतं?"

"होतं."

"व्हय," मायाप्पा म्हणाला.

सिद्धलिंगनं मग हातापाया पडायचंच तेवढं बाकी ठेवलं. पोरीला पाठवू नको, इथल्याच शाळेत सहावीत घालू, वह्या-पुस्तकं मी बघतो. दानम्मा मध्ये पडली. तिनं आजवर त्या वर्गाला कधी बरं म्हटलं नव्हतं, पण आता पदर खोचून पुढं आली. पोरीला आमच्या घरी ठेवा, मी करीन तिचं, माझी लेक नांदायला गेल्यापासून ती खोली रिकामीच पडलीय. सिद्धलिंग मध्येच काही बोलायला गेला तर म्हणाली, सुम्न कुंदरी, तुम्ही गप्प बसा, तुमचं बोलून झालंय.

मायाप्पा चिडला असता तर बरं झालं असतं. तो चिडला नाही. गावाकडं भावकीत काय म्हणतील, लोकांच्या घरात पोरगी ठेवली म्हणून, हे त्यानं शांतपणे सांगितलं. म्हातारीचे गुडघे सांगितले. गडी ठेवायला हातात काय उरतं, ते सांगितलं. पोरीची हुशारी मला कळत नाही असं नव्हे, हेही सांगितलं.

"तुमच्या वट्ट्यावर चारीबी बरुबर असत्यात, मास्तर," तो उठता उठता म्हणाला. "माझ्याकडंबी चारी गोष्टींना कारणं हायती. पर मला एकच करता येतंय."

प्रश्नपत्रिका त्यानं घडी घालून खिशात ठेवली आणि निघून गेला.

एप्रिलच्या शेवटी पाचवीचा निकाल लागला. राजनंदिनी वर्गात पहिली आली. दुसऱ्याच दिवशी शाळेतून दाखला काढला. सिद्धलिंगला ते गिरणीवाल्याकडून कळलं. रजा टाकून तो एसटी स्टँडवर गेला. जायला तोंड नव्हतं, पण न जाणं त्याहून वाईट झालं असतं. मंगळवेढ्याची गाडी लागलेली होती. मायाप्पा ट्रंक वर चढवत होता, तीच नाव रंगवलेली. लेकीला गावी पोचवायला निघालेली मायाक्का गाडीत बसून तिची वेणी पुन्हा पुन्हा नीट करत होती आणि सिद्धलिंगला बघून तिनं मान फिरवली. तिचंही बरोबरच होतं.

राजनंदिनी खिडकीशी बसली होती. सिद्धलिंग खाली, खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. त्यानं पिशवीतून ते रद्दीतलं पुस्तक काढून तिला दिलं. तिनं घेतलं, पण उघडलं नाही.

"काका, मी चुकले का?" तिनं विचारलं.

तिच्या बापानं वरून खाली बघितलं. मायाक्काचा हात वेणीवर थांबला. सिद्धलिंगला वाटलं, इथं तरी खोटं बोलायचं नाही.

"न्हाय बाळ. तुजं एकबी कारण चुकलं न्हाय," तो म्हणाला. "पण तितं एकच मागत्यात. चार दिले की शून्य देत्यात. हे मला म्हाईत हुतं."

राजनंदिनीनं जरा विचार केला. ओट्यावर करायची तसंच, कपाळाला आठी घालून, तिनं सगळं नीट जुळवून बघितलं. रागावली नाही, रडलीही नाही. तिला फक्त एक गोष्ट कळत नव्हती.

"मग आदी सांगायचं हुतं की," ती म्हणाली.

कंडक्टरनं घंटी मारली. मायाप्पा खाली उतरला आणि सिद्धलिंगच्या शेजारी येऊन उभा राहिला. गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत दोघंही तिथंच उभे होते.